झाडाखालचा गारवा तापमापकात का मावत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रस्ता रुंद करण्यासाठी जुनी, मोठी झाडे तोडली जाणार आहेत आणि त्यांच्या बदल्यात दुसरीकडे कितीतरी पट रोपे लावण्याचे आश्वासन देण्यात आले आहे. प्रश्नकर्त्यांनी भर दुपारी आधी उन्हात आणि मग झाडाखाली तापमापक धरून पाहिला, तेव्हा फरक जेमतेम दीड अंशाचा आला. मग झाडांमुळे शहरे दहा-दहा अंशांनी थंड राहतात हे जे सर्रास सांगितले जाते ते खरे की भावनेच्या भरातले, आणि फरक खरोखरच एवढासा असेल तर नव्या रोपांनी त्याची भरपाई का होऊ नये, असे त्यांनी विचारले आहे.

शहरातील झाडांची निगा आणि लागवडीचे नियोजन हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर सतत येतो, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. दीड अंशाचे आपले मोजमाप बरोबर आहे. दहा अंशांचा दावाही पुष्कळदा खोटा नसतो. मात्र ही दोन वेगळ्या गोष्टींची मोजमापे आहेत, आणि उन्हाळ्यात माणसाच्या जिवावर जी गोष्ट उठते ती या दोहोंपैकी एकातही पुरती सापडत नाही. ती आहे अंगावर चहूबाजूंनी येणारे उष्णतेचे प्रारण. झाडाचे मोठे काम ते प्रारण अडवण्याचे आहे, आणि ते काम रोपांच्या संख्येवर अवलंबून नसून सावलीच्या क्षेत्रफळावर आणि पानांच्या दाटीवर अवलंबून असते.

स्वच्छ आकाशाच्या दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची साधारण १००० वॅट शक्ती येऊन पडते. नवा डांबरी रस्ता तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेतो, तापतो, आणि मग तीच उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपाने वर फेकत राहतो. आजूबाजूच्या भिंती, पदपथ आणि उभ्या गाड्यांचे पत्रे हेच करतात. उन्हात उभ्या असलेल्या माणसावर वरून सूर्य, खालून रस्ता आणि बाजूंनी भिंती असा तिहेरी मारा होत असतो. या साऱ्या माऱ्याची सरासरी काढून तो एका तापमानाच्या आकड्यात सांगण्याची शास्त्रात पद्धत आहे, आणि त्या आकड्याला सरासरी प्रारण तापमान म्हणतात. कडक उन्हाळ्यातील दुपारी मोकळ्या डांबरी जागेवर हा आकडा ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, तर तिथून चार पावलांवर दाट झाडाखाली तो २० ते ३० अंशांनी कमी असतो. हवेचे तापमान दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखेच राहते, कारण हवा वाहती असते आणि रस्त्यावरची तापलेली हवा काही क्षणांत झाडाखालीही येऊन पोहोचते. तापमापकाने आपल्याला त्या हवेचे तापमान सांगितले. आपल्या कातडीने मात्र प्रारणातला फरक ओळखला असणार, म्हणूनच सावलीत जाताच बरे वाटले. तो भास नव्हता.

हे स्वतः पडताळून पाहणे फारसे अवघड नाही. टेबल टेनिसचा चेंडू घ्यावा, त्याला बारीक भोक पाडून साध्या डिजिटल तापमापकाचे टोक नेमके मध्यभागी येईल असे बसवावे, आणि चेंडूला बाहेरून चमक नसलेला करडा किंवा काळा रंग द्यावा. संशोधकही क्षेत्रीय कामासाठी अशी साधने वापरतात. हा चेंडू छातीच्या उंचीवर टांगून दहा-पंधरा मिनिटे उन्हात ठेवावा, मग तितकाच वेळ झाडाखाली ठेवावा, आणि दोन्ही ठिकाणी शेजारीच एक तापमापक ऊन लागणार नाही पण हवा खेळती राहील अशा आडोशाला ठेवावा. आडोशातील दोन आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि चेंडूतील दोन आकडे एकमेकांपासून बरेच लांब असतील. चेंडूवर वाऱ्याचाही परिणाम होतो, म्हणून शक्यतो वारा पडलेला असताना मोजावे. अशी मोजणी चार रहिवाशांच्या समोर एकदा करून दाखवली, तर नंतरच्या चर्चेला वेगळेच वळण लागते, असा माझा अनुभव आहे.

आता त्या दहा अंशांबद्दल. हे आकडे बहुधा उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानाचे असतात. उपग्रहाला झाडाच्या शेंड्यावरची पाने दिसतात आणि शेजारचे छप्पर किंवा रस्ता दिसतो, व त्या दोन पृष्ठभागांत दहा-बारा अंशांचा फरक असणे अगदी साहजिक आहे. युरोपातील २९३ शहरांच्या अशा निरीक्षणांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्य युरोपात उष्णतेच्या दिवसांत झाडांनी झाकलेला भाग बांधकामाच्या भागापेक्षा ८ ते १२ अंशांनी थंड आढळला, पण दक्षिण युरोपात हाच फरक शून्य ते चार अंशांवर आला, कारण तिथे उन्हाळ्यात मातीत पाणीच उरत नाही. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी शिकवण तिथेच आहे. तिच्याकडे पुढे येतो. हवेच्या तापमानाचे म्हणाल तर २०१० साली जगभरातील अनेक मोजमापे एकत्र करून केलेल्या आढाव्यात शहरातील उद्याने दिवसा सरासरी ०.९४ अंशाने थंड आढळली होती. म्हणजे आपला दीड अंश या सरासरीपेक्षा थोडा जास्तच भरतो.

एवढासा अंश क्षुल्लक समजू नये. युरोपातील ९३ शहरांच्या २०१५ च्या उन्हाळ्याचा हिशेब मांडून बार्सिलोनातील संशोधकांनी २०२३ साली असा अंदाज काढला की, शहरी उष्णतेमुळे त्या तीन महिन्यांत ६,७०० च्या आसपास अकाली मृत्यू झाले, आणि या शहरांतील झाडांचे आच्छादन सरासरी १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेले असते तर त्यांतील २,६४४ टळले असते. त्या वाढीव झाडांमुळे हवेच्या तापमानात होणारी सरासरी घट किती धरली होती? फक्त ०.४ अंश. उष्णतेच्या लाटेत वृद्ध, आजारी आणि उन्हात राबणारी माणसे अगदी कड्याच्या टोकाशी आलेली असतात, आणि तिथे अर्ध्या अंशालाही फार मोल असते. शिवाय त्या हिशेबात सावलीमुळे थेट अंगाला मिळणारा दिलासा धरलेलाच नव्हता.

झाड हे करते कसे, ते थोडे जवळून पाहू. पान सूर्यप्रकाशातील डोळ्यांना दिसणारा भाग बहुतांशी शोषते, पण त्यालगतचा अवरक्त भाग, ज्यात सूर्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा असते, तो मोठ्या प्रमाणात परतवते किंवा पलीकडे जाऊ देते. शोषलेल्या ऊर्जेपैकी प्रकाशसंश्लेषणात वापरली जाते ती अगदी एक-दोन टक्के. उरलेल्या ऊर्जेने पान तापून करपायला हवे, पण तसे होत नाही, कारण पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते आणि प्रत्येक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. आपल्या शरीराला घाम जसा वाचवतो तसेच हे आहे. दिवसाला १०० लिटर पाणी बाष्परूपाने सोडणाऱ्या मोठ्या झाडाच्या बाबतीत हा हिशेब ६८ किलोवॅट तास होतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र बारा-तेरा तास अखंड चालवले तर खोलीतून साधारण तेवढी उष्णता बाहेर काढते. फरक इतकाच की यंत्र ती उष्णता, स्वतःच्या विजेची भर घालून, रस्त्यावर ओतते आणि झाड तसे करत नाही.

मात्र "एक झाड म्हणजे अमुक इतकी यंत्रे" ही तुलना फलकावर रंगवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यंत्र बंद खोलीत काम करते आणि झाड उघड्यावर. झाडाने गार केलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते आणि पुढच्या झाडाच्या हवेत मिसळते. त्यामुळे बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे पानांतून वाफ सोडण्याचा, परिणाम एकट्या झाडाखाली थोडा आणि झाडांच्या सलग पट्ट्यात बराच जाणवतो. अमेरिकेतील मॅडिसन शहरात सायकलवर तापमापक बसवून गल्लीबोळांतून केलेल्या मोजणीत, जी २०१९ साली प्रसिद्ध झाली, हेच दिसले: चारी बाजूंनी रस्ते असलेल्या एका वस्तीखंडाएवढ्या परिसरात झाडांचे छत्र ४० टक्क्यांच्या पुढे गेले की दिवसाच्या हवेतील गारवा झपाट्याने वाढतो, त्याखाली तो रेंगाळतो. म्हणून जिथे ३५ टक्के छत्र आहे तिथली चार झाडे जाऊ देणे आणि उजाड ठिकाणी चार लावणे यांचा हिशेब बरोबरीत सुटत नाही.

हवेतील दमटपणाबद्दलही नेहमी विचारले जाते. दमट हवामानात वाफ होण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे झाडाचा हा दुसरा, वाफेने गारवा देण्याचा, मार्ग तिथे कमजोर पडतो, आणि चारही बाजूंनी बंद, वारा न येणाऱ्या अंगणात दाट झाडोऱ्यामुळे घुसमटही वाढू शकते. सावलीचे काम मात्र कोणत्याही हवामानात चालू राहते. दमट शहरात मी झाडे निवडताना उंच खोड आणि पसरट छत्र यांना प्राधान्य देतो, म्हणजे डोक्यावर सावली राहते आणि माणसाच्या उंचीवर वारा मोकळा वाहतो. कोरड्या शहरात बाष्पोत्सर्जनाचा लाभ मोठा असतो, पण तिथे पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पाण्याचा विषय आला की माती आलीच, आणि माझे निम्म्याहून अधिक काम मातीशी आहे. जमीन वाळली की झाड पर्णरंध्रे मिटून घेते; जगण्यासाठी त्याला ते करावेच लागते. म्हणजे उष्णतेच्या लाटेत, जेव्हा गारव्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, तहानलेले झाड गारवा देणे थांबवते. दक्षिण युरोपातील त्या शून्य ते चार अंशांचे कारण हेच होते. याच्या उलट बाजूचा एक पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात निलगिरीची पूर्ण झाडे बंदिस्त कक्षांत ठेवून, महिनाभर पाणी तोडून, मग त्यांना सलग चार दिवस ४३ अंशांहून अधिक तापमान दिले गेले. प्रकाशसंश्लेषण जवळजवळ बंद पडले, पण पाने पाणी सोडत राहिली आणि स्वतःला थंड राखत राहिली, कारण वरचा थर कोरडा ठणठणीत असला तरी मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचलेली होती. सगळ्या जाती असे वागतात असे मी म्हणणार नाही, पण मुळांना खोल आणि सैल माती मिळाली की झाड कठीण दिवसांतही काम करत राहते, हे सूत्र मी प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

शहरात हीच गोष्ट झाडाला मिळत नाही. पदपथावर वाळून गेलेले रोप उपटून पाहावे, म्हणजे त्याची सगळी कहाणी हातात येते. पिशवी काढून टाकली असली तरी मुळे पिशवीच्याच आकारात गोल गोल फिरलेली असतात, त्यांतले एकही बाजूच्या मातीत शिरलेले नसते. खड्ड्याच्या कडा कुदळीने चोपल्यासारख्या गुळगुळीत आणि घट्ट असतात. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि खडी निघते. वरून पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले असतात, त्यामुळे पावसाचे पाणी आळ्यात न उतरता गटाराकडे धावते. अशा जागी टँकरने पाणी घातले तरी ते त्या घट्ट कुंडीत साचून मुळे कुजतात, आणि पाणी बंद केले की चार दिवसांत ती वाळतात. रोप "लावले" अशी नोंद कागदावर मात्र कायम राहते.

मोठ्या झाडाला आयुष्यभरासाठी न चोपलेली अशी निदान २५ ते ३० घनमीटर माती लागते, असा आमच्या कामातला ढोबळ अंदाज आहे. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात ती एक घनमीटर असते. ही तफावत खत घालून भरून निघत नाही. जागा नसेल तर फरसबंदीच्या खाली ती तयार करावी लागते. स्टॉकहोम शहराने यासाठी एक पद्धत रूढ केली आहे: पदपथाखाली मुठीहून मोठ्या दगडांचा जाड थर चोपून बसवतात, त्यांच्या फटींत पाण्याबरोबर माती मुरवतात, आणि वरून हवा व पावसाचे पाणी आत जाईल अशी विवरे ठेवतात. दगड वरचा भार पेलतात आणि मुळे फटींतून वाढतात. रस्त्यावरचे पावसाचे पाणी तिकडेच वळवल्यामुळे झाडाला ओल मिळते आणि गटारांवरचा ताणही कमी होतो. रस्ता नव्याने होणार असेल तेव्हाच हे करता येते, नंतर ते फार महाग पडते. म्हणून रुंदीकरणाच्या आराखड्यात मी पहिल्यांदा झाडांची यादी न पाहता रस्त्याचा आडवा छेद पाहतो, आणि त्यात मातीला किती जागा ठेवली आहे ते तपासतो.

आता भरपाईच्या रोपांचा हिशेब. बारा मीटर व्यासाचे छत्र असलेले झाड सूर्य डोक्यावर असताना ११३ चौरस मीटर जमीन झाकते. दीड मीटर व्यासाच्या रोपाने पावणेदोन चौरस मीटर झाकली जाते. नुसती सावलीच्या क्षेत्रफळाची बरोबरी करायची तरी एका झाडामागे ६४ रोपे जगलेली हवीत. त्या रोपांची विरळ सावली आणि मोठ्या झाडाची अनेक थरांची दाट सावली यांतला फरक यात धरलेला नाही. पुढे जगण्याचे गणित येते. रस्त्याकडेच्या झाडांच्या मृत्यूदराचे जे अभ्यास झाले आहेत त्यांत वर्षाला साधारण साडेतीन ते पाच टक्के झाडे मरतात असे दिसते. चार टक्के धरले तरी वीस वर्षांनी शंभरातली चव्वेचाळीसच उरतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत निगा नसेल तर उरणारी याहून कितीतरी कमी. ही रोपे दुसरीकडे लागणार असतील, तर या रस्त्यावरून चालणाऱ्यांना, इथल्या थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्यांना आणि इथल्या पश्चिमेकडच्या भिंतींना त्यांचा उपयोग शून्य. उद्यानाचा गारवा देखील फार लांब जात नाही. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्ससारख्या शंभरहून अधिक हेक्टरांच्या विस्ताराचा रात्रीचा गारवा वाऱ्यानुसार २० ते ४४० मीटरपर्यंतच पोहोचल्याचे तिथल्या मोजणीत आढळले होते. शहराच्या टोकाला लावलेले वन चांगलेच असते, पण ते शहराच्या मध्यभागातील दुपार थंड करत नाही.

झाड कुठे आहे यावर आणखी बरेच अवलंबून असते. दुपारनंतरचे ऊन तिरपे येते, आणि तोवर सारे शहर तापलेले असते, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला सावली देणारे झाड सर्वांत मोलाचे. अमेरिकेतील सॅक्रामेंटोमध्ये घरांच्या वीजबिलांचा अभ्यास झाला, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण बाजूंच्या झाडांमुळे उन्हाळ्यातील विजेचा वापर सुमारे पाच टक्क्यांनी घटलेला दिसला, तर उत्तरेकडच्या झाडांमुळे तो किंचित वाढला होता. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत उन्हाळ्यातला सूर्य डोक्यावर असतो, तिथे दक्षिणेच्या झाडाचे महत्त्व घटते, आणि पूर्व-पश्चिमेचे वाढते. रस्त्यावरही हाच नियम लावावा: दुपारी ज्या बाजूला इमारतींची सावली आधीच पडते तिथे झाडांची दाटी करण्यापेक्षा समोरच्या, उन्हात होरपळणाऱ्या पदपथाला ती द्यावी.

रात्रीचा भाग वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. शहरे सभोवतालच्या प्रदेशाहून उबदार असतात हे ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते, आणि हा फरक मुख्यतः रात्रीचा असतो हेही त्यांच्या नोंदींत होते. काँक्रीट आणि दगड दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. दिवसा सावलीत राहिलेला रस्ता मुळात कमी उष्णता साठवतो, हा झाडाचा फायदा. पण रात्री जमिनीची उष्णता मोकळ्या आकाशाकडे जायला हवी असते आणि दाट छत्र तिला थोडे अडवते, हा त्याचा तोटा. म्हणूनच अगदी अरुंद रस्त्यावर दोन्हीकडून फांद्या मिळून बोगदा झाला तर रात्री, आणि वाहनांचा धूर अडकल्याने दिवसाही, ते हितावह नसते. तिथे एका ओळीत, अंतर राखून लावलेली झाडे बरी. मोठ्या उद्यानात झाडांचे पुंजके आणि मधून मधून मोकळी हिरवळ अशी रचना ठेवली तर दिवसाची सावली आणि रात्रीचे निवणे दोन्ही साधतात. जर्मनीतील स्टुटगार्ट हे दरीत वसलेले, कमी वाऱ्याचे शहर. तिथल्या नगरपालिकेने १९३८ पासून हवामानतज्ज्ञ नेमलेले आहेत आणि टेकड्यांवरून रात्री खाली उतरणाऱ्या गार हवेच्या वाटा बांधकामापासून मोकळ्या ठेवण्याचे धोरण चालवले आहे. टेकडीवरची झाडे राखायची आणि खालची वाट बंद करायची, असे केले तर त्या झाडांचा अर्धा उपयोग वाया जातो.

नुसती हिरवळ झाडाची जागा घेऊ शकत नाही. वर सांगितलेल्या २९३ शहरांच्या अभ्यासात झाडे नसलेल्या हिरव्या जागांपेक्षा झाडे दोन ते चार पट अधिक थंडावा देतात असे आढळले होते. हिरवळ सावली देत नाही, पाणी भरपूर पिते, आणि पाणी तोडले की उन्हाळ्यात करपून जवळजवळ उघड्या जमिनीसारखी तापते. गच्चीवरील बाग खालच्या मजल्याला दिलासा देते, रस्त्यावरच्या माणसाला तिचा फारसा उपयोग नाही. भिंतीवरचे वेल मात्र मी आग्रहाने सुचवतो, कारण जिथे झाडाला जागाच नाही तिथे हातभर मातीच्या पट्टीतून वाढलेला वेल पश्चिमेची पूर्ण भिंत झाकू शकतो. रस्ते पांढरे रंगवण्याचाही प्रयोग झाला आहे. लॉस एंजेलिसमधील अशा रस्त्यांवर मोजणी केली तेव्हा पृष्ठभाग थंड झालेला होता, पण परतलेला प्रकाश दुपारी चालणाऱ्यांच्या अंगावर येत होता आणि त्यांच्यावरचा प्रारणाचा भार वाढला होता. मोजमाप पृष्ठभागाचे की माणसाचे, हा प्रश्न इथेही तसाच उभा राहतो.

जातींच्या निवडीबद्दल थोडेच सांगतो. एकाच जातीच्या ओळी देखण्या दिसतात, पण एका रोगात सगळ्या जातात. उत्तर अमेरिकेतील कित्येक शहरांनी एल्म वृक्षांच्या रोगात रस्तेच्या रस्ते उघडे पडलेले पाहिले आहेत. मेलबर्न शहराने २०१२ च्या धोरणात एका जातीची झाडे ५ टक्क्यांहून, एका प्रजातिसमूहाची १० टक्क्यांहून आणि एका कुळाची २० टक्क्यांहून अधिक नसावीत असे ठरवले, आणि छत्र २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट छत्राच्या टक्क्यांत आहे, रोपांच्या संख्येत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. निलगिरी, पॉप्लर आणि ओकच्या काही जाती उष्णतेत आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात आणि वाहनांच्या धुरात मिसळून त्यापासून ओझोन तयार व्हायला मदत होते, म्हणून वर्दळीच्या रस्त्यांवर अशा जातींची एकसुरी लागवड मी टाळतो.

आपल्यापुढच्या प्रस्तावाबाबत माझा सल्ला असा आहे की, किती झाडांच्या बदल्यात किती रोपे या भाषेत बोलणी करूच नयेत. प्रत्येक झाडाच्या छत्राचा व्यास दोन दिशांनी फीत धरून मोजावा, त्यावरून आज या रस्त्यावर किती चौरस मीटर सावली आहे ते काढावे, आणि याच रस्त्यावर पाच, दहा आणि वीस वर्षांनी किती सावली असेल ते लेखी मागावे. सोबत प्रत्येक नव्या झाडासाठी मातीचे घनमान, पहिल्या तीन उन्हाळ्यांतील पाण्याची व्यवस्था, आणि रोप मेल्यास बदलण्याची जबाबदारी कोणाची, हेही मागावे. झाडे प्रत्यक्ष कुठे अडतात ते आराखड्यावर पाहिले की, सगळीच अडत नसतात असे बहुतेक वेळा दिसून येते; पार्किंगची एक रांग कमी केली किंवा पदपथ झाडाच्या मागून नेला की काही सुटतात. सावली देणारी मोठी झाडे आधी वाचवावीत आणि रोगट, पोकळ झाडांबद्दल हट्ट धरू नये. धोकादायक झाड वाचवण्यासाठी भांडल्याने इतर झाडांची बाजू लंगडी पडते.

जी झाडे राखायची ठरतील ती खोदाईत मरणार नाहीत याची काळजी करारातच लिहून घ्यावी, कारण तोड टळलेली कितीतरी झाडे पुढच्या दोन-चार वर्षांत मुळे कापली गेल्यामुळे जातात आणि तोवर कोणाचेच लक्ष नसते. ब्रिटिश मानकाप्रमाणे छातीच्या उंचीवरील खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखीव धरतात. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला हे वर्तुळ ७.२ मीटर त्रिज्येचे होते. त्यात यंत्राने चर खणू नये, मुरूम, वाळू किंवा खडीचे ढीग टाकू नयेत आणि जड वाहने उभी करू नयेत. वाहिनी न्यायचीच असेल तर हाताने खोदून, जाड मुळे न तोडता, त्यांच्या खालून न्यावी. मूळ कापावेच लागले तर धारदार करवतीने स्वच्छ कापावे, यंत्राच्या दातांनी ओढून फाडू देऊ नये. चर शक्य तितक्या लवकर मूळच्याच मातीने बुजवावा, वर, खोडाभोवती हातभर अंतर सोडून, पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, आणि खोदाईनंतरचे निदान दोन उन्हाळे त्या झाडाला छत्राच्या कडेखाली, आठवड्यातून एकदा पण खोल मुरेल असे पाणी द्यावे.